दिवसाला आठ क्लिक

जुनी गाडी घेताना आपण विचारतो, रनिंग किती झालंय? जुना डीएसएलआर घेताना विचारायचं असतं, शटर काउंट किती? आणि समोरचा 'फार वापरला नाही हो' म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही. त्याच कॅमेऱ्याने एक फोटो काढायचा, फाइल लॅपटॉपवर घ्यायची आणि एक्झिफ टूलला विचारायचं. निकॉनच्या फाइलीत हा आकडा गुपचूप लिहिलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याचा निघाला ९१,३४०.

कॅमेरा म्हणजे निकॉन डी५२००, २०१२ सालचं मॉडेल. ऑनसाइटला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून मी तो भेळेच्या भावात घेतला. (अगदी गाडीवरच्या भेळेच्या नव्हे, पण समजून घ्या.) या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर कंपनीने १ लाख वेळा चालवून तपासलेलं असतं. त्याच्या वरच्या डी७०००ला हा आकडा दीड लाख आहे, आणि क्रिकेटच्या मैदानावर दिसणाऱ्या डी५ला ४ लाख. आता १ लाख ही काही दुधाच्या पिशवीवरची तारीख नाही. काही शटर साठ हजारांत मान टाकतात, काही दोन लाख ओलांडून मजेत असतात. पण ९१ हजार म्हटल्यावर आपल्याला हिशेब लागायला लागतो, हे खरं.

हे 'कट' म्हणून आवाज येतो तेव्हा आत काय होतं ते एकदा सांगतो, म्हणजे पुढची कंजुषी समजेल. आधी आरसा वर उचलला जातो. मग सेन्सरपुढचा पातळ पात्यांचा एक पडदा झपकन खाली जातो, प्रकाश आत येतो, आणि त्याच्या मागून दुसरा पडदा येऊन तो बंद करतो. आरसा खाली येतो, स्प्रिंग पुन्हा ताणली जाते. सेकंदाच्या लहानशा तुकड्यात एवढी सगळी धावपळ! ही पाती, स्प्रिंगा आणि त्यांना ओढणारी मोटर झिजते. सेन्सरला क्लिकचं काही देणंघेणं नाही, तो आपला बसून असतो.

लग्नात फोटो काढणाऱ्याचं ठीक आहे, त्याचे पैसे वसूल होतात. टाइम-लॅप्सवाल्याचं तसं नाही. दहा सेकंदांची फिल्म हवी असेल तर सेकंदाला २५ फ्रेम धरून २५० फोटो लागतात. पहाटेपासून दोन तास, दर पाच सेकंदांना एक, असा सूर्योदय घेतला की झाले १,४४०. अख्ख्या लाखात असे ६९ सूर्योदय बसतात. माझ्याकडे उरले होते सहा!

असो. सूर्योदय काय, रोजच होतो. माझं काम वेगळं होतं आणि ते एकदाच होणार होतं.

माझे मामा शिरवळचे. पुण्याहून निघालं की सारोळ्याचा पूल ओलांडताना खाली नीरा दिसते, तिथे पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. पुढे लगेच शिरवळ. महामार्गावरून जाणाऱ्यांना ते कारखाने, ढाबे आणि पशुवैद्यक महाविद्यालयाची पाटी एवढंच माहीत असतं. नदीकाठी सुभानमंगळचे जेमतेम अवशेष आहेत, १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत ज्याच्यावर लढाई झाली तोच हा किल्ला, पण तिकडे गाडी वळवणारे थोडे. मामांची घराजवळची बागायत वेगळी. महामार्गाच्या अंगाला त्यांचं दोन एकराचं जिरायत रान आहे (म्हणजे होतं). तिथे दर वर्षी शाळू. माझ्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्यांमधली भाकरी त्या रानातली आहे.

२०२४च्या गणपतीत मामांनी सांगितलं की रान विकायचं ठरलंय. कारखान्याचं गोदाम होणार. दोन्ही मामेभाऊ नोकरीला, भाव चांगला आलेला, आणि मामांचे गुडघे. कुणी फसवलं नाही, कुणी धमकावलं नाही, उगाच आपण ट्रॅजेडी करायला नको. खरेदीखत मार्चमध्ये. 'तवर एक शाळू निघतोय,' मामा म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा शेवटचा शाळू पेरणीपासून काढणीपर्यंत टिपायचा.

लगेच एक्सेल उघडलं. (आयटीतल्या हमालाला दुःख झालं की तो एक्सेल उघडतो.) पीक १२० दिवसांचं. दिवसा ११ तास उजेड, दर पाच मिनिटांना एक फोटो, म्हणजे दिवसाला १३२ आणि एकूण १५,८४०. शटर पोचणार १,०७,१८० वर. म्हणजे कणसं भरायच्या सुमारास, जेव्हा खरी मजा, तेव्हा ते लाखापलीकडे गेलेलं असणार. आणि मध्येच गेलं तर? शटर बदलायचा खर्च जवळपास त्या जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीएवढा. तोही केला असता, पण दुरुस्तीत पंधरा दिवस गेले की ते पंधरा दिवस गेलेच. सर्व्हर पडला तर बॅकअप असतो. शाळू पुढच्या वर्षी पुन्हा पेरून बघू म्हणायची सोय नव्हती.

इथे मला दादासाहेब फाळके आठवले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला लागला हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. १९१२ साली फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, तिथे विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परत आले. पण सिनेमाला पैसे कोण देणार? लोकांची खात्री पटवायला त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि बी उगवून त्याचा वेल होईपर्यंत महिनाभर चित्रण केलं. नाव 'अंकुराची वाढ'. ती मिनिटभराची फिल्म बघून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. म्हणजे आपला सिनेमाधंदा एका टाइम-लॅप्सच्या तारणावर उभा राहिलाय, असं म्हटलं तरी चालेल!

आता या गोष्टीत नेहमी सांगतात की फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे. हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम. एका मिनिटाला झाल्या ९६०. रोज एक घेतली तर अडीच वर्षांच्या वर लागतील, आणि महिनाभरात जेमतेम दोन सेकंद निघतील. मिनिट खरं असेल तर रोज तीसेक फ्रेम हव्यात. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला सर्वसाधारणपणे ८ फ्रेम सरकायच्या. म्हणजे रोज हँडलचे चार फेरे! पुरावा काही नाही, हा आपला माझा हिशेब, पण कुंडीपुढे बसून रोज मोजून चार फेरे मारणारे फाळके मला 'रोज एक फ्रेम'वाल्या फाळक्यांपेक्षा जास्त पटतात.

शिवाय त्यांना शटरची चिंता नव्हती. त्या कॅमेऱ्यांतलं शटर म्हणजे एक फिरती चकती, एका बाजूने कापलेली. आपटत काही नाही, नुसतं गोल गोल फिरायचं. तासाभराच्या चित्रणात ५७,६०० फ्रेम होतात. तेवढ्यात माझा डी५२०० अर्धा म्हातारा होईल.

तर फाळक्यांकडून मी घेतलं ते इतकंच, की रोप दिवसभर बघत बसायचं काही कारण नाही. दिवसातला एक छोटा तुकडा, रोज तोच. मी आठ फोटो ठरवले, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. १२० दिवसांचे ९६०. हो, तोच आकडा, मीही चमकलो. २५च्या वेगाने ३८ सेकंदांची फिल्म.

वेळ कोणती? सावल्या कमीत कमी हव्यात, म्हणून सूर्य माथ्यावर असताना. घड्याळाचे बारा वाजता शिरवळला सूर्य माथ्यावर नसतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि शिरवळ ७४ अंशांच्या आसपास. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेबाराच्या आगेमागे. मग सव्वाबारा ते बारा पन्नास. ही नेमकी मामांच्या भाकरीची वेळ निघाली. मामी तेव्हा रानात जेवण घेऊन जातेच. प्रोजेक्टला रिसोर्स मिळाला!

कॅमेरा चार महिने उघड्या रानात ठेवणं शक्यच नव्हतं. धूळ, दव आणि दोन पायांची माणसं. म्हणून शिरवळमधल्या एका वेल्डरकडून लोखंडी अँगलचा खांब करून घेतला, वर ट्रायपॉडची पट्टी पक्की बसवली आणि बांधाला सिमेंटमध्ये गाडला. कॅमेरा रोज यायचा, पट्टीवर सरकवायचा, की तीच चौकट. फोकस आणि झूमच्या रिंगा चिकटपट्टीने बंद, एक्स्पोजर हाताने ठरवलेलं. या मॉडेलमध्ये ठरावीक अंतराने फोटो काढायची सोय आतच आहे, त्यामुळे सुरू करून दिलं की बाकीचं तो करतो.

मामीला शिकवायला दहा मिनिटं लागली. 'आरं, आठ वेळा कट वाजलं की डबीत घालायचा, येवढंच न्हवं? त्यात काय यूपीएससी हाय?' ती म्हणाली. मग दुसऱ्या सेकंदाला, 'आणि नववं वाजलं तर?' म्हटलं, नाही वाजणार मामी, तो आठावर थांबतो. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मोबाइल का नाही लावला, असं तुमच्यातले दोघं-तिघं आता विचारणारच. मोबाइलला यांत्रिक शटरच नसतं, प्रश्नच मिटला, हे बरोबर. पण मोबाइल प्रत्येक फोटोला स्वतःची अक्कल चालवतो. रंग वेगळा, उजेड वेगळा. चार महिन्यांची सलगता हवी तर मला काही न कळणारा मठ्ठ कॅमेराच हवा होता.

लाइव्ह व्ह्यूचं काय, हा दुसरा प्रश्न. आरसा वरच राहतो हे खरं, पण माझ्या कॅमेऱ्यासारख्या अनेक डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यूतून फोटो काढताना उघडलेले पडदे आधी बंद होतात, मग फोटो, मग पुन्हा उघडतात. काम उलट वाढतं. शिवाय सेन्सर सतत चालू राहून तापतो आणि बॅटरी पाण्यासारखी जाते. कॅननवाल्यांचं नशीब जरा बरं, त्यांच्यातल्या काही मॉडेल्समध्ये पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो. त्याहून उत्साही लोक मॅजिक लँटर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर घालून शटर न हलवता फोटो काढतात. ते ज्याने लिहिलं त्याला माझा दंडवत.

एक उपाय मात्र कोणत्याही कॅमेऱ्यावर चालतो आणि तो फारसा कुणी करत नाही. सरळ व्हिडिओ घ्यायचा. व्हिडिओत पडदे एकदा उघडतात आणि शेवटी बंद होतात, मधली हजारो चित्रं सेन्सर आपली आपण वाचतो. वीस मिनिटांच्या व्हिडिओत ३०,००० फ्रेम असतात. त्यातली दर शंभरावी ठेवली की ३००, बारा सेकंदांची फिल्म तयार. पण असं केलं तर ढग झटके खात चालतात, कारण प्रत्येक फ्रेम फार तोकड्या वेळाची असते. त्यापेक्षा त्या शंभर फ्रेम टाकून न देता त्यांची सरासरी काढायची! शंभर फ्रेम म्हणजे चार सेकंद, म्हणजे चार सेकंद शटर उघडं ठेवल्यासारखं मऊ चित्र मिळतं. वर बोनस म्हणजे नॉइज वर्गमुळाच्या हिशेबाने दहाव्या भागावर येतो (पुस्तकात. प्रत्यक्षात व्हिडिओचं कॉम्प्रेशन थोडी खोडी काढतं). एफएफएमपेगच्या एका ओळीत होतं सगळं. आडवं चित्र मात्र व्हिडिओच्याच आकाराचं मिळतं, आणि तारे वगैरे विसरायचं, कारण २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला सेकंदाचा पंचविसावा भाग यापेक्षा जास्त उजेड देता येत नाही.

जानेवारीतल्या एका विकांताला एक मित्र त्याचा मिररलेस घेऊन शिरवळला आला. आम्ही पहाटे वीर धरणाच्या फुगवट्यावर गेलो. थंडी म्हणजे बोटं वळत नव्हती. पाण्यावर धुकं, पलीकडच्या काठाला हिवाळी पाहुणे पक्षी, आणि कॅमेरा अगदी मुका. इलेक्ट्रॉनिक शटर लावल्यावर आवाजच नाही, नुसता आकडा वाढताना दिसतो. १,४४० फोटो, पडद्याची झीज शून्य. २०२१मध्ये आलेल्या निकॉन झेड९मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. काय ते सहा सूर्योदय पुरवून वापरणारे अस्मादिक, आणि काय हा!

त्याचीही दुखणी आहेतच. बहुतेक सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतात, त्यामुळे परतीच्या वाटेवर महामार्गावर घेतलेल्या फोटोंत ट्रक तिरके आले, वाऱ्यात वाकल्यासारखे. एलईडीच्या दिव्यांखाली पट्टे उमटतात. शिवाय त्या कॅमेऱ्याची किंमत. मित्र रविवारी रात्री तो घेऊन गेला.

तिकडे रानात आठ-आठ क्लिक चालूच होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला पाभरीने मालदांडी पेरली तेव्हा मी हजर होतो. नंतर जमेल तेव्हा शनिवारी जाऊन कार्ड रिकामं करायचो. पहिले तीन आठवडे काळ्या रानावर नुसती हिरवी रेघ. मग एकदम उसळी. चौकट रोज दोन-चार पिक्सेल हलायची, त्यावर पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. विहिरीच्या कठड्याचा कोपरा आणि मागचं लिंबाचं झाड धरून ती सगळ्या फोटोंना एका रेषेत आणते. खरं काम ते एवढंच, बाकी सगळं मामीने केलं.

डिसेंबरच्या शेवटी एका रात्री अवकाळी आलं, वाऱ्यासकट. सकाळी मामांचा फोन. निम्मं रान लोळलं होतं. नुकता निसवायला लागलेला, कमरेच्या वर गेलेला शाळू जमिनीला टेकलेला. मी ऑफिसात, आणि पहिला विचार काय यावा, तर आज मामी जाईल का फोटो काढायला? गेली. चिखल तुडवत गेली. त्या दिवशीचे आठही फोटो आहेत.

पुढचं मात्र टाइम-लॅप्सशिवाय कुणाला दिसलं नसतं. लोळलेली ताटं पुढच्या पाच-सहा दिवसांत उठायला लागली. सगळीच नाही, पण बरीच. कांड्याच्या पेरापाशी प्रत्येक ताटाला कोपर आल्यासारखं वळण पडलं आणि शेंडा पुन्हा आभाळाकडे. फिल्ममध्ये हे दोन सेकंदांत होतं. झोपलेला माणूस कोपरावर टेकून उठतो ना, अगदी तसं. पूर्ण ऑफिस माझ्या मॉनिटरभोवती गोळा झालं होतं तेव्हा.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. काढणी. १२० दिवस भरले. तीन-चार दिवस लग्नकार्यात आणि एक-दोन तापात बुडाले, म्हणून एकूण फोटो ९११. फिल्म ३६ सेकंदांची. संध्याकाळी लॅपटॉप पडवीत ठेवला, मामांना दाखवली. त्यांनी काही न बोलता बघितली. मग म्हणाले, परत लाव. तीनदा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून मध्येच थांबवायला सांगितलं. एका फ्रेममध्ये शाळू उभा, पुढच्या फ्रेममध्ये आडवा.

'हितं मधी पाऊस झालता,' ते म्हणाले. 'त्यो कुठंय?'

म्हटलं, मामा, तो रात्री पडला. आपण दुपारचेच काढतो.

'मी रातभर जागा हुतो,' मामा म्हणाले आणि पुढे लाव अशी खूण केली.

रात्री पुण्याला परत आल्यावर शटर काउंट काढला. सुरुवातीच्या चाचण्या धरून माझ्या हिशेबाने जो आकडा यायला हवा होता, त्यापेक्षा २३ जास्त. कार्डावर एक वेगळा फोल्डर होता, तो मी कधी उघडलाच नव्हता. मामीचे फोटो. आठ वाजून झाल्यावर कॅमेरा खांबावरून काढून तिने घेतलेले. माळ्यावर गोफण घेऊन बसलेले मामा. भाकरीच्या फडक्यावर चटणी. म्हैस, फोकसच्या बाहेर. चिकटपट्टीमुळे जवळचं सगळंच धुरकट आहे, मामांचा चेहरासुद्धा. फक्त मागचं रान स्वच्छ.

मार्चमध्ये खरेदीखत झालं. त्यानंतर एकदा गेलो तेव्हा रानाला तारेचं कुंपण पडलं होतं, खांब अजून बांधावर होता. घरी मामीने विचारलं, कॅमेरा हितंच ठेवतोस का? बागायतीत हरभरा करायचा म्हणतायत पुढच्या साली. तिला चिकटपट्टी काढून फोकस कसा फिरवायचा ते दाखवलं. शटरचे अजून साडेसात हजारांच्या वर शिल्लक आहेत. तो आकडा काही मी तिला सांगितला नाही.